पाण्याला वाट देणारी वाट

आण्णा, माझे वडील, वाटेच्या कडेला उकिडवे बसले आणि त्यांनी मातीवर तळहात टेकला. मार्चचा शेवटचा आठवडा होता. रेडबडच्या काळ्या फांद्यांना पानं यायच्या आधीच जांभळट गुलाबी फुलं चिकटली होती, ओकची झाडं अजून उघडीच होती. मी सायकल धरून बाजूला उभी होते.

"पाऊस कवा थांबला म्हणालीस?"

"पहाटे पाचला."

घड्याळात साडेनऊ वाजले होते. त्यांनी हात उचलून माझ्यापुढे धरला. तळहाताला गारवा लागला होता, माती लागली नव्हती. मग ते वाटेच्या खालच्या कडेला गेले, बुटाच्या टोकानं पाचोळा बाजूला सारला आणि वाकून पाहिलं. पाचोळ्याखालची जमीन चिंब होती.

"ज्यानं कुणी ही वाट केलीय," ते म्हणाले, "त्याला पाणी कळतंय."

त्या वाटेवर मी तीन वर्षं माउंटन बाइक चालवत होते. तिचं एकेक वळण मला पाठ होतं. कुठल्या झाडापाशी ब्रेक सोडायचा, कुठल्या उंचवट्यावर अंग हलकं करायचं, हे हातापायांना विचार न करता कळत होतं. पण ती इतकी सुरेख का चालते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो त्या सकाळी पडला, आणि उत्तर द्यायला माण तालुक्यातला एक शेतकरी माझ्यासमोर उकिडवा बसला होता.

बेंटनव्हिल हे अमेरिकेच्या आर्कान्सा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातलं गाव. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास होती, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं ठिकाण. सॅम वॉल्टन यांनी १९५० साली इथल्या चौकात छोटं दुकान काढलं, १९६२ साली शेजारच्या रॉजर्समध्ये पहिलं वॉलमार्ट उघडलं, आणि त्या कंपनीचं मुख्यालय आजही इथंच आहे. मुख्यालयाच्या आणि त्याला माल पुरवणाऱ्यांच्या आधारानं जी संगणकाची कामं वाढली, त्यांच्या मागून आम्ही मराठी माणसंही इथं आलो. नकाशावर शोधावं लागणाऱ्या या गावात आज भोगीची भाजी आणि संक्रांतीचं वाण ठरल्या दिवशी होतं.

सायकलच्या वाटा सुरू झाल्या २००७ मध्ये. सॅम यांचे नातू टॉम आणि स्टुअर्ट वॉल्टन यांच्या पुढाकारानं गावाला लागून असलेल्या स्लॉटर पेन नावाच्या घळीत पाच मैलांची वाट तयार झाली. नाव भयंकर आहे, कत्तलीचा कोंडवाडा. जागा मात्र ओढ्याची, सावलीची. त्यानंतर वाटा वाढत गेल्या. आता बेंटनव्हिल, बेला व्हिस्टा, रॉजर्स, फेएटव्हिल अशी गावं मिळून शेकडो मैलांचं जाळं झालंय, आणि घराच्या दारातून निघून रानात शिरता येतं. गाडीच्या टपावर सायकल बांधून दोन तास जावं लागत नाही. नोकरी आणि मूल सांभाळणाऱ्या बाईच्या दृष्टीनं हे फार मोठं आहे. माझी निम्मी सायकल सकाळी सहा ते साडेसातमध्ये झाली आहे.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ओझार्कचे डोंगर टेकड्याच वाटतील. खरं तर हे जुनं पठार आहे. ओढ्यांनी कापून कापून त्याच्या टेकड्या आणि घळी केल्या. खाली चुनखडक, आणि त्यात ठासून भरलेला चर्ट. चर्ट म्हणजे आपल्या चकमकीच्या दगडाचा सख्खा भाऊ. चुनखडक पाण्यात विरघळतो, चर्ट विरघळत नाही, म्हणून इथल्या लालसर मातीत चर्टचे धारदार तुकडे सगळीकडे मिळतात. टायरची बाजू ते सहज कापतात. पण याच दगडांच्या फटींतून पाणी खाली निघून जातं. हे मला टायर फाटल्यावर अर्धं कळलं होतं, उरलेलं अर्धं आण्णांनी सांगितलं.

फ्लो हा शब्द इथल्या प्रत्येक सायकलवाल्याच्या तोंडी असतो. मला त्याच्यासाठी मराठीतला ओघ हा शब्द आवडतो. बोलण्याला ओघ असतो, कीर्तनाला ओघ असतो, तसा काही वाटांना असतो. पॅडल न मारता, ब्रेक न दाबता, एका वळणातून दुसऱ्या वळणात सायकल स्वतःहून गेल्यासारखी जाते. वेग खूप असावा लागतो असं अजिबात नाही. माझी नऊ वर्षांची मुलगी माणूस धावेल त्याहून थोड्याच वेगानं सायकल चालवते आणि तिलाही तो ओघ मिळतो. ओघ तुटतो तो धक्क्यांनी. सरळ उतारावर अचानक काटकोनात वळण आलं, वळणानंतर लगेच उभा चढ आला, की तुटला.

मला पहिल्यांदा तो मिळाला स्लॉटर पेनमधल्या ऑल-अमेरिकन नावाच्या वाटेवर. ही दोनेक मैलांची वाट झाडांतून सापासारखी उतरते. एकामागून एक उंचवटे, आणि वळणांना बर्म, म्हणजे बाहेरच्या अंगाला उचललेली मातीची भिंत. पहिले काही महिने मी प्रत्येक उंचवट्यावर खोगिरात बसून राहायचे आणि प्रत्येक उंचवटा मला पाठीत बुक्की मारायचा. आमच्या गुरुवारच्या बायकांच्या गटात साठी उलटलेली एक जण आहे. तिनं एकदा मला थांबवून विचारलं, लहानपणी झोका खेळलीस का?

खेळले होते म्हणजे काय! नागपंचमीला आमच्या मळ्यातल्या लिंबाला दोर बांधायचे. आम्ही मुली उभ्यानं झोका चढवायचो. झोका खाली आला की पायांनी फळी दाबायची, वर जाताना गुडघे मुडपून हलकं व्हायचं. कुणी ढकलावं लागत नाही, झोका आपला आपण लिंबाच्या शेंड्याला भिडतो. उंचवट्यांच्या वाटेवर नेमकं तेच करायचं असतं. खोलगटात पाय दाबायचे, माथ्यावर गुडघे आणि कोपरं मुडपून सायकलला खालून वर येऊ द्यायचं. आपलं अंग एका पातळीत राहतं, सायकल खालीवर होते, आणि पॅडलला हात — पाय — न लावता वेग वाढतो. त्या दिवशी मी तो दोनेक मैलांचा उतार तीनदा उतरले. तिसऱ्या खेपेला शेवटच्या सहा उंचवट्यांवर मला लिंबाच्या दोराची करकर ऐकू आली, इतकं अंगाला ते जुनं ओळखीचं होतं.

वळणं शिकायला वेळ लागला, आणि त्याची किंमत मनगटानं मोजली. बर्ममध्ये चाक शिरल्यावर मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला. बर्ममध्ये सायकल आतल्या बाजूला कललेली असते आणि वेगच तिला भिंतीशी धरून ठेवतो. तिथं पुढचं चाक अडवलं की सायकल उभी होते आणि माणूस वरच्या कडेवरून बाहेर जातो. मी गेले. मनगटाला बारीक तडा, सहा आठवडे प्लास्टर. चूक सर्वस्वी माझी होती. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ जागेत, आणि वळणात नजर बाहेर पडायच्या टोकाकडे. जिकडे बघाल तिकडे सायकल जाते. झाडाकडे बघितलं तर झाडात.

ऑल-अमेरिकननंतर मी कोलरला जायला लागले. कोलर माउंटन बाइक प्रिझर्व्ह हे गावाच्या पश्चिमेचं रान. दरीतून एक पक्की वाट जाते, तिच्यावर पायी चालणारे, बाबागाड्या ढकलणारे, सगळे असतात. मध्यावर एक कॉफीचं दुकान आहे. तिथं मोटारीनं जाता येत नाही, चालत किंवा सायकलवरच. टेकडीच्या माथ्यावर हब नावाचा लोखंड-लाकडाचा मोठा चौथरा आहे, त्याच्यावरून वेगवेगळ्या उतारवाटा सुटतात. काहींना मोठ्या उड्या आहेत, त्या मी करत नाही. पण एस्थर्स लूप नावाची जी लांब फेरी आहे ती कुणीही सरावानं करावी अशी. दगड लागतात, चढ लागतात, आणि चढून आल्यावर मिळणारा उतार गोड लागतो. नुसते उतारच घेणाऱ्यांना तो गोडवा कळत नसावा, असं माझं मत आहे.

तर अशा या वाटा. मी त्यांच्यावर जीव टाकत होते आणि त्या मला आकाशातून पडल्यासारख्या वाटत होत्या.

आई आणि आण्णा मार्चमध्ये आले. आईनं पहिल्याच आठवड्यात क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय आपलंसं केलं. ॲलिस वॉल्टन यांनी उभारलेलं, मोशे सफदी यांनी रचलेलं आणि २०११ मध्ये उघडलेलं ते संग्रहालय झऱ्याच्या पाण्यावर तळी करून त्यांच्या काठानं बांधलंय. आत जायला तिकीट नाही. आई तळ्यासमोरच्या खिडकीशी तासन् तास बसायची. आण्णांना चार भिंतींत करमत नाही. ते बाहेरच्या रानवाटांवर काठी घेऊन फिरायचे, घंटी वाजली की बाजूला व्हायचे, सायकलवाल्यांनी हात केला की हात करायचे. आणि सारखे खाली बघायचे.

आमचं गाव माणदेशात. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही पडला तर. १९७२ च्या दुष्काळात आण्णा अठरा वर्षांचे होते. मिलो ज्वारी आणि सुकडीवर दिवस काढत त्यांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, पाझर तलावाच्या भिंतीवर घमेली वाहिली. पाणी अडवायचं, हे त्या वयात जे हाडात गेलं ते गेलंच. २०१८ साली पानी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावागावांच्या पाणी अडवायच्या स्पर्धेत, गाव उतरलं तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते. पंचेचाळीस दिवसांचं श्रमदान, एप्रिल-मेच्या उन्हात. त्या वर्षी पहिला क्रमांक आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीला मिळाला. आमचं गाव पुढं नव्हतं, पण माळावर समतल चर झाले आणि ते अजून आहेत. मी तेव्हा बेंटनव्हिलमध्ये होते. आण्णा फोनवर चरांबद्दल सांगायचे आणि मी लॅपटॉपवर काम करत हूं हूं करायचे. हे मला आता लिहितानाही लागतं.

समतल चर म्हणजे डोंगराच्या उताराला आडवा, एकाच उंचीवरून जाणारा खड्डा. उंची एक आहे हे डोळ्यानं ठरवता येत नाही. त्यासाठी ए-फ्रेम. दोन काठ्यांचा ए, मधे आडवी काठी, वरून सोडलेला ओळंबा. दोरी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. मग एक पाय तिथंच ठेवायचा, दुसरा फिरवायचा, फक्कीनं खूण करायची, पुढं जायचं. असं करत अख्खा डोंगर चालायचा. आण्णांनी तो चालला होता.

त्यामुळे ऑल-अमेरिकनच्या कडेला बसून त्यांनी जे पाहिलं ते मला दिसणं शक्य नव्हतं. मला वळणं दिसत होती, त्यांना उतार दिसत होते. वाट टेकडीच्या थेट खाली कुठंच जात नाही, हे त्यांनी आधी दाखवलं. ती आडवी आडवी जात हळूहळू उतरते. "आपल्याकडं गुरं कशी जात्यात डोंगरानं? आडवी. माणूस घाई करतो, सरळ खाली उतरतो. मग पावसाळ्यात त्याच्या वाटेचा वगळ होतो." आमच्या डोंगरावरच्या देवीच्या पायवाटेचं तेच झालंय. सरळ चढणारी ती वाट आता कमरेइतकी खोल घळ आहे आणि लोक दोन्ही बाजूंनी नव्या वाटा पाडतात, त्यांच्याही घळी होतात.

मग त्यांनी काठी वाटेवर आडवी ठेवली. काठीचं दरीकडचं टोक किंचित खाली होतं. अगदी थोडं, चालवताना चाकाला जाणवणारही नाही. वाट बांधणारे याला आउटस्लोप म्हणतात आणि तो साधारण पाच टक्के ठेवतात, हे मी त्या रात्री वाचलं. वाट पूर्ण डोंगरात कापून काढायची, भराव टाकून रुंदी वाढवायची नाही, कारण भराव पुढं बसतो. वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त ठेवायचा नाही, नाहीतर पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेनंच धावू लागतं. एकंदर वाटेचा सरासरी उतार दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा. हे नियम १९८८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशननं जगभर रुजवले. ओळंब्याच्या जागी त्यांच्या हातात उतार मोजणारा क्लिनोमीटर असतो.

पण मला खरा धक्का बसला तो उंचवट्यांपाशी. आण्णांनी विचारलं, "ही उचललेली माती कशाला?" मी म्हणाले, मजेसाठी, सायकल उसळावी म्हणून. त्यांनी मान हलवली. "मजा आसंल. पण हे बघ." उंचवट्याच्या अलीकडच्या खोलगटात खालच्या कडेला वाटेचा काठ हातभर मोकळा सोडला होता आणि तिथून पाचोळ्यात पाण्याचं पसरट वळ उमटलं होतं. वरून वाटेनं येणारं पाणी उंचवटा चढू शकत नाही. ते खोलगटात थांबतं, मोकळ्या काठातून बाहेर पडतं. पुढच्या उंचवट्याशी पुन्हा तेच. पाण्याला वेग पकडायला वावच मिळत नाही.

म्हणजे जो उंचवटा मला झोक्यासारखा वर नेतो, तोच पाण्याला वाटेवरून उतरवतो! मी झाडाला सायकल टेकवून खालीच बसले. तीन वर्षं ज्याला मी खेळ समजत होते, ती बांधबंदिस्ती होती. वाट बांधणाऱ्यानं एकाच मातीच्या ढिगात सायकलवाल्याचं सुख आणि पाण्याचा निचरा दोन्ही घातलं होतं. सारखी खालीवर होणारी वाट जास्त टिकते आणि जास्त ओघवतीही होते, कारण दोन्हीची गरज एकच आहे. पाण्याला थोड्या थोड्या अंतरावर सोडून द्यायचं, माणसाला थोड्या थोड्या अंतरावर उचलायचं. बर्म मात्र अवघड. तिथं वाट आतल्या बाजूला कललेली असते, पाणी आतल्या कडेला गोळा होतं. म्हणून वळणाच्या आधीच पाणी बाहेर काढावं लागतं आणि आतल्या कडेचं पाणी वळण संपताना सोडावं लागतं. आण्णांनी तीन वळणं तपासली. दोन पसंत केली, तिसऱ्यात आतल्या कडेला गाळ साचला होता. तिथं त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

"आमी पाणी अडवतो, ही माणसं पाणी घालवत्यात," उठताना ते म्हणाले. आवाजात नाराजी आहे का, हे मी चाचपलं. नव्हती. बेंटनव्हिलला वर्षाला १२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथं वाटेवर पाणी थांबलं तर वाट मरते. आणि ते घालवतानाही एका जागी सोडलेलं नाही, पसरून सोडलंय, म्हणून खाली घळ पडत नाही, झाडांना मिळतं. "काम उलटं हाय. नजर तीच हाय."

त्यानंतर ते रोज माझ्याबरोबर यायला लागले. मी फेऱ्या मारायची, ते ठरलेल्या ठिकाणी उभे राहायचे. एकदा एका वळणाच्या अलीकडे जमिनीवर पाट्यावरच्या टाक्यांसारख्या बारीक आडव्या लाटा उमटलेल्या त्यांनी दाखवल्या. "इथं समदी घाबरत्यात." बरोबर होतं. प्रत्येक जण तिथं शेवटच्या क्षणी ब्रेक मारतो, मागचं चाक घसटतं, माती खरवडली जाते, आणि वर्षभरात लाटा होतात. शेकडो माणसांची भीती तिथं मातीत उतरली होती, त्यात माझीही होती. दुसऱ्या दिवशी मी ब्रेक चार हात आधी मारला आणि त्या लाटांवरून ब्रेक सोडून गेले.

मे महिन्यात आम्ही सगळे डेव्हिल्स डेनला गेलो, बेंटनव्हिलहून दक्षिणेला तासाभराच्या रस्त्यावर. या राज्य उद्यानात १९८० च्या दशकापासून लोक माउंटन बाइक चालवतायत. तिथली जुनी वाट खडबडीत आहे. मी चालवली, आवडली, पण त्या दिवसाची आठवण वेगळी आहे. ली क्रीक नावाच्या ओढ्यावर तिथं दगडी बंधारा आहे. १९३० च्या दशकातल्या महामंदीत सरकारनं बेकार तरुणांसाठी सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर काढली होती. महिना ३० डॉलर मजुरी, त्यातले २५ थेट घरी पाठवले जायचे. त्या पोरांनी आसपासचा दगड घडवून हा बंधारा, लाकडी-दगडी खोल्या, वाटा बांधल्या. आण्णांना मी पाटीवरचं वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बंधाऱ्याच्या दगडावर हात ठेवून म्हणाले, "अठरा-वीसची पोरं आसतील." बहात्तर साली ते तेवढेच होते. आईनं पिशवीतून धपाटे काढले, पाण्याच्या आवाजात आम्ही जेवलो.

लांब जायची ताकद आल्यावर बेला व्हिस्टातला बॅक फॉर्टी करावा. २०१६ मध्ये झालेलं हे साधारण चाळीस मैलांचं जाळं आहे, घळींच्या कडेकडेनं जातं, रस्ते आले की बोगद्यातून खाली शिरतं. ब्लोइंग स्प्रिंग्ज नावाच्या जागी गुहेतून झरा येतो आणि भर उन्हाळ्यात गुहेच्या तोंडाशी गार हवा अंगावर येते. मी तिथं सायकल आडवी टाकून दहा मिनिटं बसतेच. जून ते ऑगस्ट इथं दमट उकाडा असतो, गवतात गोचिडी असतात, पाचोळ्याच्या रंगाचा कॉपरहेड साप असतो. लांब मोजे घालावेत, घरी आल्यावर अंग तपासावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरसारखे दिवस नाहीत.

आणि ओल्या वाटेवर जाऊ नये. हे मी पूर्वी नियम म्हणून पाळायचे, आता मनापासून पाळते. चिखलात एक चाक गेलं की चर पडतो. तो चर वाटेच्या लांबीनं असतो, म्हणून पुढचं पाणी काठाकडे न जाता चरातूनच पळतं. पहिल्या माणसाच्या दहा मिनिटांच्या हौसेनं महिन्याभराची मेहनत वाहून जाते. हिवाळ्यात रात्री गोठलेली माती दुपारी सैल होते, तेव्हाही तसंच. गोठलेली असताना पहाटे जावं, नाहीतर पक्क्या वाटेनं फिरावं. आण्णांची तळहाताची परीक्षा मी आता दरवेळी करते. माती हाताला आली तर परत फिरते. मुलगीही करते, तिचा तळहात जास्त कडक आहे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आई-आण्णा परत गेले.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी मी पहिल्यांदा स्वयंसेवकांबरोबर वाटदुरुस्तीला गेले. हातात मॅक्लाउड दिला. एका बाजूला रुंद पातं, दुसऱ्या बाजूला जाड दात, आपलं दाताळं आणि फावडं एकत्र जोडल्यासारखं अवजार. माझ्या वाट्याला उंचवट्याअलीकडचे चार खोलगट आले. उन्हाळाभर चाकांनी ढकललेली माती आणि पाचोळा काठावर साचून त्यांची तोंडं बंद झाली होती. पातं ओढत, माती खालच्या बाजूला पसरत मी तीन मोकळे केले. चौथ्याशी अडले. काठ उघडला होता, पण उतार पुरेसा आहे का ते कळेना.

सकाळचे नऊ वाजले होते, म्हणजे गावाकडे संध्याकाळचे साडेसात. मी व्हिडिओ कॉल लावला. आण्णा अंगणात बसले होते, मागे आईचा कुकर वाजत होता. मी फोन जमिनीजवळ नेला.

"आजून जवळ ने. आडवा धर. हां." ते चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनमध्ये वाकले. "काठाला दोन बोटं आजून खाली घे. मधे नगं, काठालाच. आन् रुंद कर, निमुळतं ठेवू नगंस."

मी फोन ओकच्या मुळाशी टेकवला आणि पातं ओढलं. चर्टचा एक तुकडा लागला, तो उकरून काढला. पुन्हा ओढलं. मग बुटानं माती दाबली.

"पाणी हाय का जवळ?"

सायकलची बाटली होती. वाटेच्या वरच्या बाजूला, दोन हातांवर, मी ती उपडी केली. पाणी मातीवरून खाली आलं, खोलगटात शिरलं, तिथं क्षणभर गोल पसरून थबकलं. मग त्याचं एक टोक काठाकडे सरकलं, आणि त्याच्यामागून सगळंच.

"गेलं?" आण्णांनी विचारलं.

पाचोळा हलला, आणि मग हलायचा थांबला.

"गेलं, आण्णा."